आबा काय म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नणंदेला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीला नाही. देवापुढेही — खरं सांगते — हात जोडले की मी भराभर दुसरंच काहीतरी मागत सुटते, म्हणजे तिथे हा विषय निघायला नको. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या बाजारात समोरून आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. एवढी सोय मी आधीच बघून ठेवली आहे. सोय बघणं हा माझा जुना स्वभाव, तो पुढे दिसेलच.

आमचं गाव उरणजवळ. आमच्या मागच्या दारातून पूर्वी मिठागरं दिसायची, आता बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगा दिसतात. माझे मिस्टर — मी त्यांना 'हे'च म्हणते, आमच्याकडे तसंच आहे — न्हावा शेव्याला एका यार्डात सुपरवायझर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते. बायका सांगतात माझा हात चांगला आहे. आणि आबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर घरात आम्ही तिघंच.

आबा मिठागरावर मुकादम होते. त्यांच्या आवाजाची काय गंमत सांगू? बांधाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला शिवी हासडली, की तो तिकडून हसून हात हलवायचा. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, या घरात सारखं भांडण चालू असतं. नंतर कळलं, ते नुसतं पाणी मागताहेत. आणि त्यांचा 'न्हाय' तर गावात माहीत होता. आबांनी एकदा न्हाय म्हटलं की तो विषय त्यांच्यासमोर कुणी पुन्हा काढत नसे.

मग कंपवात झाला. डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन म्हटलं. हात थरथरेल, चाल अडखळेल, असं सगळं समजावून सांगितलं. आवाज जाईल, हेही सांगितलं असेल, पण आमच्या लक्षात राहिलं नाही. हात थरथरायला लागले, ते आम्ही गृहीतच धरलं होतं. पाय उंबरठ्यावर येऊन थांबायचे, जसे काही फरशीला चिकटलेत. चेहऱ्यावरचे भाव हळूहळू निघून गेले. रागावलेत की खूश आहेत, चेहऱ्याकडे बघून काही समजेना. आणि तो आवाज — तो बारीक होत होत इतका खाली गेला की समोर बसलेल्या माणसालाही वाटावं, आबा नुसते ओठ हलवताहेत.

डोकं मात्र शाबूत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ते विसरल्यासारखं खूप जणांसमोर वागले आहे, पण मला ते प्रत्येक क्षणी माहीत होतं.

त्यांचं बोलणं समजायचं ते फक्त मला. यात माझी काही हुशारी नाही. दिवसभर घरात मीच असायची. त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून मी शिलाई मशीन बंद ठेवायला लागले. मशीन चालू असलं आणि त्यांनी हाक मारली तर? एकदा तसं झालं होतं, मोरीत पडले होते, बराच वेळ पडून होते आणि मी इकडे बाही लावत होते. तेव्हापासून मशीनवर चादर. गिऱ्हाइकं एकेक करून शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे गेली. मी तोंडाने म्हणायची, जाऊ दे, माणूस महत्त्वाचं. मनात काय म्हणायची, ते इथे सांगत नाही.

तर मी त्यांची दुभाषी झाले. कुणीही आलं, आबा काही पुटपुटले, की सगळे माझ्याकडे बघायचे — काय म्हणाले? आणि मी सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ज्या माणसाच्या आवाजाला गाव दबून असायचं, त्याचा शब्द आता माझ्या तोंडून बाहेर पडत होता. मी त्यात थोडं माझंही घालायला लागले. आबा म्हणायचे, "याला आता जायाला सांग," आणि मी म्हणायची, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणतायत. पाहुणा खूश. आबांच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी हलायचं, मला वाटायचं ते हसताहेत. कदाचित हसतही असतील. नणंद फोनवर विचारायची, आबा माझी आठवण काढतात का? ते काढत नसत, गोळीची आणि शौचाची आठवण काढत. मी म्हणायची, रोज काढतात. यात कुणाचं काय वाईट झालं?

बघा, मी अजून तिथपर्यंत पोचलेच नाही. आबांना दुसरीकडे ठेवायचा विषय कसा निघाला, ते सांगते आधी.

त्यांना उचलताना माझी कंबर गेली. ह्यांच्या शिफ्टच्या वेळा कधी सकाळच्या, कधी संध्याकाळच्या. गोळीला जरा उशीर झाला की आबा लाकडासारखे ताठ होत, आणि गोळी वेळेवर दिली तरी बरोबर डाळ-मासळी पोटात गेली असेल तर ती लागू पडत नसे. हे सगळं सांभाळायला एक माणूस पुरत नव्हतं. कामाला बाई ठेवून बघितल्या, दोघी टिकल्या नाहीत. शेवटी मीच विषय काढला, की जिथे अशा माणसांची नीट काळजी घेतात, अशी जागा शोधूया. ह्यांना आधी ते पटलं नाही. मग म्हणाले, तू बघून तर ये.

मी बघून आले. यात मी कुठेही कसूर केली नाही, हे मात्र मी ठासून सांगेन. पनवेलकडची एक जागा चकाचक होती, लिफ्ट, टीव्ही, सगळं. पण मी विचारलं, गोळ्या कधी देता? तर जेवणाचा ट्रे फिरला की सगळ्यांना एकदम. म्हटलं, नमस्कार. पेणच्या बाजूची दुसरी जागा बरी होती, पण खोलीखोलीला उंबरठा आणि बाहेर पडायला पायऱ्या. चालत्याफिरत्या म्हाताऱ्यांसाठी ठीक. तिसरी चौलला. नारळी-पोफळीच्या वाडीत, बैठं घर. तिथल्या बाईंनी मी बसायच्या आत विचारलं, गोळ्यांच्या वेळा काय आहेत त्यांच्या? उंबरठे त्यांनी काढून टाकले होते. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, कारण अडकलेला पाय समोर रेघ दिसली की पुढे पडतो. मी त्या फरशीवर उभी राहिले आणि मला रडू आलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आबांसाठी रडतेय.

आबांसाठी नव्हते रडत. घरी मशीनवर चादर होती ना, मी ती काढताना स्वतःला बघत होते.

आता तो रविवार.

ह्यांनी एक अट घातली होती. घर कितीही चांगलं असो, आबा स्वतः हो म्हणाले तरच. "त्यांना इचारायचं. न्हाय म्हनाले तर पुन्हा हा विषय न्हाय." माझ्याकडे बघून म्हणाले. मला मान्य करावंच लागलं. नणंदेला पेणहून बोलावून घेतलं. दुपारची गोळी लागू पडली होती, आबा पडवीत खुर्चीवर बसले होते, अंग मोकळं, त्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. ती वेळ मीच निवडली होती, आणि तीही चांगल्या मनाने. विचारायचं तर नीट विचारावं, असं मला खरंच वाटत होतं. गंमत वाटते ना? तोपर्यंत मी प्रामाणिक होते.

हे त्यांच्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यावर हात ठेवला. मी आबांच्या बाजूला उभी होते, नेहमीसारखी, कान जवळ. ह्यांनी सगळं सांगितलं, घर कसं आहे, कुठे आहे, आम्ही येत राहू. मग म्हणाले, "आबा, चौलला र्‍हायाची तुमची तयारी हाय का? न्हाय म्हनलात तरी चालंल."

आबा बोलले.

तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर हे समजून घ्या. आमच्याकडे 'आहे'ला हाय आणि 'नाही'ला न्हाय. दोघांत फरक फक्त सुरुवातीच्या 'न'चा. आणि आबांच्या आजारात शब्दाची सुरुवातच गिळली जायची. जोर यायचा तो शेवटाला. त्यामुळे पडवीत सगळ्यांना ऐकू आलं ते एवढंच — हाय.

पण मला माहीत होतं ना. न्हाय म्हणायच्या आधी त्यांची जीभ दातांमागे जायची, हनुवटी किंचित वर यायची आणि नाकातून बारीकसा हुंकार निघायचा. जेवायला वाढू का, न्हाय. पंखा लावू का, न्हाय. दिवसातून कितीदा तरी मी ते ऐकत होते. त्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. तो न्हाय होता. मिठागराच्या बांधावरून येणारा तोच जुना न्हाय, फक्त वरचं टोक मोडलेला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनाले?"

मी म्हटलं, "हाय म्हणाले."

एवढं बोलायला किती वेळ लागतो? विचार करायलाही मिळाला नाही, असं मला म्हणता आलं असतं. आणि इथेच थांबले असते तर कदाचित मी स्वतःला समजावलंही असतं, की कानाला तसंच वाटलं, सगळ्यांनाच तसं वाटलं. पण मी थांबले नाही. किंवा आबा थांबले नाहीत म्हणा. त्यांनी माझं उत्तर ऐकलं. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला, श्वास घेतला — मला तो श्वास अजून ऐकू येतो — आणि पुन्हा बोलले. या वेळी जोर लावून. जोर पुन्हा शेवटालाच आला. न्हाय.

आणि मी म्हटलं, "दोनदा सांगितलं बघा त्यांनी. हाय म्हणतायत."

त्यांचा नकार होता. तोच मी पुराव्यासारखा त्यांच्या विरुद्ध वापरला. पहिलं खोटं तोंडातून निसटलं असेल. दुसरं मी शिवलं. टीप घालून, उलटी टीप घालून, पक्कं.

नणंद रडायला लागली. ह्यांनी डोकं आबांच्या गुडघ्यावर टेकवलं. आबा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, चेहऱ्यावर आता काही येतच नसे. पापण्याही त्यांच्या लवायच्या कमी झाल्या होत्या. मी चहा ठेवायला आत गेले.

तिसऱ्यांदा ते बोलले नाहीत. त्या दिवसापासून चौलला जाईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी हवं तर बोट उचलायचे. हे म्हणाले, आजार वाढला वाटतं. मी म्हटलं, हो, वाटतंय तसं.

लाँचने खाडी ओलांडून रेवसला उतरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गाडी करून वडखळवरून गेलो. तिथे पोचल्यावर बाईंनी त्यांच्यासमोर बसून त्यांना विचारलं, आजोबा, इथे राहणार ना? आबा गप्प. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. चांगल्या होत्या हो त्या, त्यांनी वाट बघितली. मीच म्हटलं, प्रवासाने दमलेत.

तिथे त्यांची आबाळ झाली नाही. गोळ्या वेळेवर मिळत, पडणं जवळजवळ थांबलं, वजन भरलं. तुमच्या मनात येतंय ते मला ठाऊक आहे — मग बरंच झालं की. माझ्याही मनात यायचं. पण त्यांना कुणी 'तुमची तब्येत कुठे सुधारेल' असं विचारलं नव्हतं. तयारी आहे का, हे विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं. दोनदा.

मी मशीनवरची चादर काढली. गिऱ्हाइकं परत आली. ह्यांनी मशीनला मोटर बसवून दिली. मला रात्री झोप लागायची, चांगली लागायची. हेही सांगायलाच हवं.

मग एक दिवस चौलहून बाईंचा फोन आला. आनंदाने सांगत होत्या, की अलिबागहून आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी येते, ती आजोबांकडून मोठ्याने 'आ' करून घेते, अंक म्हणून घेते, आणि त्यांचा आवाज सुटायला लागलाय. कालच त्यांनी वाडीतल्या माणसाला हाक मारली आणि तो वळला. "तुम्ही या आता, ऐका," म्हणाल्या.

कुणीही सून काय करेल? मी फोन ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसले. त्या आठवड्यात मी ह्यांना म्हटलं, तुम्ही दमलात, मी एकटीच जाऊन येते. आणि गेले नाही. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी काढलं. लाँच बंद असेल, पाहुणे येणार आहेत, माझी कंबर. एका माणसाला त्याचा आवाज परत मिळत होता आणि मी त्याच्या मुलाला तो ऐकू देत नव्हते. यालाही तुम्ही काही नाव द्या, मला सुचत नाही.

शेवटी दिवाळीला टाळता आलं नाही. मी करंज्या, चिवडा सगळं केलं, हातांना काम हवं होतं. आबा वाडीत खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा, दाढी केलेली. ह्यांना बघून म्हणाले, "आलास?" साधं, स्वच्छ. पूर्वीच्या आवाजाचा तो आणा-दोन आणेच असेल, पण चार हातांवरून ऐकू आला. ह्यांना हुंदका आवरेना. ते त्यांच्या पायाशी बसले, त्या रविवारी बसले होते तसेच, आणि त्यांनी तेच विचारलं जे मी इतके दिवस त्यांना विचारू देत नव्हते. म्हणाले, "आबा, माज्या मनाला लागून र्‍हायलंय. तुमी त्या दिवशी मनापासून हाय म्हनलात ना?"

मी फराळाचा डबा हातात घेऊन उभी होते. आता, असं मला वाटलं. आणि थोडं — ऐका हं — थोडं हायसंही वाटलं. सुटले एकदाची.

आबांनी मान माझ्याकडे वळवली. मान वळवायला त्यांना वेळ लागायचा. मग एकेक शब्द सुटा करून, त्या मुलीने शिकवलं होतं तसं, मोठ्याने म्हणाले, "हिला इचार. माजं बोलनं हिलाच समजतं."

हे रडता रडता हसले. त्यांना वाटलं, सुनेचं कौतुक केलं. मला म्हणाले, "बघ, काय म्हनतात. सांग मग तूच."

आबा वाट बघत होते. आवाज होता त्यांच्याकडे. त्यांना स्वतः सांगता आलं असतं, एकच शब्द होता, आणि आता त्यातला 'न'सुद्धा ऐकू आला असता. तरी त्यांनी तो मला सांगायला दिला. माया म्हणून दिला की शिक्षा म्हणून, ते मला कधी कळलं नाही आणि आता मी ते ठरवणारही नाही.

मी म्हटलं, "हो, मनापासूनच म्हणाले होते."

आबांनी मान परत फिरवली आणि वाडीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ह्यांना म्हणाले, नारळ उतरवायला झालेत. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातची करंजी खाल्ली नाही. सदऱ्यावर सांडेल म्हणून असेल.

पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले. आम्ही पोचलो तेव्हा आवाज नव्हता.

ह्यांना रडायला आलं की ते एका गोष्टीवर शांत होतात. दहाव्याला आलेल्यांना तेच सांगितलं, वर्षश्राद्धाला तेच. कुणाच्या घरी आजारी माणूस असला, काय करावं म्हणून आमच्याकडे विचारायला आलं, की हे समजावतात, आधी त्यांना स्वतःला विचारा, आमच्या आबांनी स्वतः हाय म्हटलं, दोनदा म्हटलं, म्हणून माझ्या मनावर ओझं नाही. आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, "हो ना गं?"

परवा गल्लीतले एकजण आईबद्दल विचारायला आले होते. हे बोलत होते, मी मशीनवर होते. त्यांनी वळून विचारलं. मी पाय थांबवला, मान वर केली आणि हो म्हटलं.